चिनी मातीवरचा चिनी माणूस

गेल्या रविवारी घरात फर्मान निघालं की माळा आवरल्याशिवाय जेवण मिळणार नाही. त्यामुळे अस्मादिक सकाळी नऊला स्टुलावर. जुने मोडेम, तीन मेलेले कीबोर्ड, कॉलेजातल्या झेरॉक्स नोट्स, आणि एका खोक्यात मोज्यात गुंडाळलेला एक कप. निळी-पांढरी नक्षी, कानाजवळ एक टवका उडालेला. ड्रेस्डेनला ऑनसाइट होतो तेव्हा एल्बे नदीकाठच्या शनिवारच्या जुन्या बाजारात तीन युरोला घेतला होता. मग माळा तसाच राहिला आणि मी कप हातात घेऊन बसलो. (जेवण मिळालं. उशिरा मिळालं.)

त्या कपावरच्या नक्षीला जर्मनीत 'कांदा नक्षी' म्हणतात. मूळ नक्षी माइसनच्या कारखान्यात १७४० च्या आसपास तयार झाली, आणि पुढे इतक्या कारखान्यांनी उचलली की माझा कप माइसनचा असण्याची काडीमात्र शक्यता नाही. गंमत अशी, की त्या नक्षीत कांदा नाहीच. चिनी भांड्यांवर डाळिंबं आणि पीच असायचे, ते बघून युरोपातल्या चित्रकारांनी फळं काढली. बघणाऱ्यांना ते कांदे वाटले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. चिनी डाळिंबाचा जर्मन कांदा! आज मला लिहायचंय ते या भानगडीबद्दल. कारण कांद्याच्या बाबतीत हे फक्त विनोदी आहे, पण माणसाच्या बाबतीत तसं राहत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. चिनी माती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोणच्याची बरणी येते. ती बरणी बहुतेक वेळा पोर्सिलीन नसते, जाड आणि झिलई दिलेलं दगडासारखं भांडं असतं. खरं पोर्सिलीन म्हणजे पातळ, पांढरंशुभ्र, उजेडाला धरलं तर बोटाची सावली पलीकडून दिसेल असं. चीनमध्ये ते शतकानुशतकं बनत होतं. युरोपात जहाजं भरभरून यायचं, पण बनवायचं कसं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे राजेरजवाडे अक्षरशः वेडे झाले होते.

त्यातला सगळ्यात मोठा वेडा म्हणजे सॅक्सनीचा सत्ताधीश ऑगस्टस. या गृहस्थाने १७१७ साली आपले ६०० सैनिक प्रशियाच्या राजाला देऊन टाकले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. हिशोब करा, एका भांड्याला चार माणसं. त्यातल्या उंचच उंच निळ्या-पांढऱ्या बरण्यांना अजूनही 'ड्रॅगून बरण्या' म्हणतात, कारण त्या सैनिकांची प्रशियात ड्रॅगून घोडदळाची पलटण झाली. ड्रेस्डेनच्या झ्विंगर राजवाड्यात त्या बघता येतात. मी त्यांच्यासमोर बराच वेळ उभा होतो. बरण्यांची चिनी नावं कुणी जपली नाहीत आणि सैनिकांचीही नाहीत, असं काहीतरी तेव्हा डोक्यात आलं होतं.

याच ऑगस्टसच्या कैदेत योहान फ्रीडरिश ब्योटगर नावाचा एक पोरगा होता. शिकाऊ औषधविक्या, पण सोनं बनवता येतं अशी थाप मारून बसला होता. १७०१ पासून राजाने त्याला डांबून ठेवलं, सोनं बनव म्हणून. सोनं काही होईना. शेवटी चिर्नहाउस नावाच्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली त्याला मातीच्या प्रयोगांना जुंपलं. वेगवेगळ्या खाणींची माती, वेगवेगळी प्रमाणं, भट्टीचं तापमान वाढवत वाढवत न्यायचं, फुटलं की पुन्हा नवं मिश्रण. १७०८ साली पांढरं पोर्सिलीन जमलं आणि १७१० साली माइसनच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. क्लायंटने मागितलं सोनं, डिलिव्हर झाली माती, आणि क्लायंट तरीही खूष. आपल्या धंद्यात असं प्रोजेक्ट मी अजून पाहिलेलं नाही. ब्योटगर मात्र १७१९ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी मेला.

भांडं तर जमलं, आता त्यावर काढायचं काय? लोकांना हवी होती चिनी वस्तू, तेव्हा चित्रंही 'चिनी' पाहिजेत. १७२० साली व्हिएन्नाहून योहान ग्रेगोरियस ह्योरोल्ट नावाचा चित्रकार माइसनला आला आणि त्याने चिनी माणसांच्या चित्रांचा कारखानाच काढला म्हणा ना. चहा पिणारे चिनी, मासे धरणारे चिनी, छत्रीखाली बसलेले चिनी, माणसाएवढ्या किड्यांच्या मागे धावणारे चिनी. भोवती सोन्याची महिरप. ह्योरोल्ट चीनला कधी गेला नाही. डच वकिलातीबरोबर चीनला जाऊन आलेल्या योहान न्यूहॉफचं पुस्तक १६६५ साली निघालं होतं. त्यातली आणि तसल्या पुस्तकांतली कोरीव चित्रं पिढ्यान्पिढ्या युरोपभर फिरत होती. एकाने चित्र काढलं, दुसऱ्याने त्यावरून काढलं, तिसऱ्याने त्यावरून. कॉपी-पेस्टची साखळी, आणि मूळ सोर्स कुणी उघडून बघत नाही. ओळखीचं वाटतंय का?

फुलांचं तर अजून मजेशीर. माइसनमध्ये चिनी-जपानी पद्धतीच्या शेवंती आणि पिओनीच्या फुलांना नाव होतं 'इंडियन फुलं'. का? तर माल ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून यायचा, म्हणून तो सगळा 'इंडियन'. चीन, जपान, हिंदुस्थान, सगळं एकाच फोल्डरमध्ये. ड्रेस्डेनमधल्या एका पाटीवर ते नाव वाचून मला आधी अभिमान वाटला, आणि दहा सेकंदांनी त्या अभिमानाला काही अर्थ नाही हे कळलं. :-)

पुढे १७३० नंतर रोकोकोचा जमाना आला. रोकोको म्हणजे शिंपल्यासारखे वळसे, वेलबुट्टी, फिकट रंग, आणि सरळ रेघेशी पिढीजात वैर. या शैलीला चिनी विषय फारच मानवला. चिनी चित्रात एक खडक, एक झाड, मध्ये मोकळी जागा, पलीकडे तरंगणारा पूल असं चालतं. युरोपच्या चित्रशाळेतले दृष्टिक्रमाचे नियम तिथे लागू नाहीत, डावं-उजवं सारखं असायची सक्ती नाही. म्हणजे 'चीन' या नावाखाली रोकोको चित्रकाराला नियम मोडायची सुट्टीच मिळाली. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा बुशेने चिनी बागा, चिनी सुंदऱ्या रंगवल्या. त्याच्या घरी पूर्वेकडच्या वस्तूंचा मोठा संग्रह होता, पण माणसांचे चेहरे बघा तर सरळ पॅरिसचे. सेव्रच्या कारखान्यात दोदँ नावाच्या चित्रकाराने १७६० च्या सुमारास अशी चिनी दृश्यं राजघराण्याच्या फुलदाण्यांवर उतरवली. म्युनिकजवळच्या निम्फेनबुर्ग कारखान्यासाठी बुस्टेलीने नाचऱ्या, नाजूक चिनी बाहुल्या घडवल्या. नेपल्सच्या राणीसाठी १७५७ ते १७५९ मध्ये पोर्टिचीच्या राजवाड्यात एक अख्खी खोली पोर्सिलीनने मढवली, भिंतीभर चिनी माणसं. ही राणी आपल्या ऑगस्टसचीच नात. वेड रक्तात होतं.

आता माझं मत. या वस्तू सुंदर आहेत, यात वाद नाही. आजकाल फॅशन आहे तसं 'हे सगळं वंशवादी, फेका कचऱ्यात' असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या बाजूने जे म्हटलं जातं, की ही युरोपने चीनला दिलेली मानवंदना होती, ते मला अजिबात पटत नाही.

कारण बघा. एकाच कपात दोन कामं झाली आहेत. एक मातीचं आणि एक चित्राचं. मातीच्या कामात युरोपने चीनपुढे खरोखर मान तुकवली. वर्षानुवर्षं प्रयोग केले. दांत्रकोल नावाचा फ्रेंच पाद्री जिंगदेझेन या चिनी पोर्सिलीनच्या गावी राहिला, आणि माती कुठून येते, कशी कालवतात, भट्टी कशी लावतात, हे विचारून विचारून त्याने १७१२ आणि १७२२ साली लांबलचक पत्रं लिहिली. एवढी मेहनत का? कारण भट्टी माफ करत नाही. माती चुकली की भांडं तडकतं. एरर मेसेज लगेच समोर.

चित्राचं तसं नाही. चुकीचा चिनी माणूस काढला म्हणून कप तडकत नाही. त्याच्या डोक्यावर पिसांची टोपी चढवा, हातात माकड द्या, त्याला फुलपाखरावर बसवा, कप विकला जातोच. उलट जास्त किमतीला जातो. म्हणजे मातीला टेस्ट केस होती, चित्राला नव्हती. आणि ज्या कोडला टेस्ट नसते त्याचं काय होतं, ते या ब्लॉगच्या वाचकांना मी काय सांगू.

याचं टोक म्हणजे डुलत्या मानेच्या मूर्ती. चीनमध्ये पुताई म्हणून एक ढेरपोट्या हसरा भिक्षू आहे. आपण ज्याला 'लाफिंग बुद्धा' म्हणून टीव्हीवर ठेवतो, तोच. तिथे तो पूजनीय आहे, त्याच्याकडे मैत्रेयाचं रूप म्हणून बघतात. माइसनने त्याच्यावरून मांडी घातलेल्या मूर्ती केल्या. धक्का दिला की त्यांची मान डुलते, हात हलतात, आणि जीभ आतबाहेर होते. पाहुण्यांनी हसावं म्हणून. आता कल्पना करा, कुणी आपल्या गणपतीची सोंड स्प्रिंगवर बसवली आणि दिवाणखान्यात ठेवली. 'अहो, आम्हाला तुमची संस्कृती फार आवडते' असं वर म्हटलं, तर चालेल? मला तरी नाही चालणार.

'पण चीननेही तेच केलं की!' हा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. जिंगदेझेनचे कारागीर युरोपच्या ऑर्डरीप्रमाणे नाकाड्या गोऱ्या माणसांची चित्रं काढत होते, पुढे पुढे तर खुद्द माइसनच्या नक्षीची नक्कल करत होते. चियानलाँग बादशहाने पेकिंगजवळच्या बागेत १७४७ पासून कारंजी आणि संगमरवरी कोरीवकाम असलेले युरोपी धर्तीचे महाल बांधून घेतले. त्याच्या लेखी युरोप म्हणजे एक गमतीदार सजावट. तेव्हा त्या काळी फिटंफाट होती असं मी मान्य करतो. चीन बलाढ्य होता, कुणाच्या कपावरच्या चित्राने त्याचं काही बिघडत नव्हतं.

पण चित्रं टिकतात आणि बलाबल बदलतं. १८३९ ला अफूचं पहिलं युद्ध सुरू झालं (त्यातली बरीचशी अफू माळव्याची, आणि आपल्याच मुंबईच्या बंदरातून लादलेली, हेही विसरायला नको). १८६० साली इंग्रज फौजांनी ती बादशाही बाग जाळली, त्यात ते युरोपी महालही गेले. कपावरच्या चित्रांमुळे युद्ध झालं असा बालिश दावा मी करत नाही. एवढंच म्हणतो, की ज्यांच्या डोक्यात शंभर वर्षं चिनी माणूस म्हणजे मान डुलवणारी बाहुली होता, त्यांना त्याची बाग जाळताना फार अवघड गेलं नसणार.

मग दुसरा काही मार्ग होता का? होता, आणि हा किस्सा मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडतो. को आणि यांग नावाचे दोन चिनी तरुण, ख्रिस्ती झालेले, शिकायला फ्रान्सला आले होते. ज्या काळात बुशेचे चिनी भिंतींवर बागडत होते, त्याच काळात हे दोन खरेखुरे चिनी फ्रान्समध्ये चालत-बोलत होते. १७६५ साली ते परत निघाले तेव्हा राजाने भेटी दिल्या, त्यात सेव्रचं पोर्सिलीन आणि बुशेच्या 'चिनी' चित्रांवरून विणलेले पडदे. म्हणजे चीनला भेट काय, तर आम्ही कल्पिलेला चीन! ते पडदे उलगडून बघताना पेकिंगमध्ये काय चेहरे झाले असतील, याची मी बऱ्याचदा कल्पना करतो.

पण त्याच दोघांसाठी तुर्गो नावाच्या अर्थतज्ज्ञाने वेगळं काही केलं. त्याने त्यांच्याबरोबर ५२ प्रश्नांची यादी दिली. तुमच्याकडे जमीन कुणाची असते, शेती कोण करतं, कागद कसा बनतो, अशा धर्तीचे प्रश्न. आणि आपण हे का विचारतोय ते नीट कळावं म्हणून सोबत एक निबंध लिहिला, जो पुढे अर्थशास्त्रातला गाजलेला ग्रंथ ठरला. एका बाजूला पडदा आणि दुसऱ्या बाजूला ५२ प्रश्न. मानवंदना म्हणायचीच असेल तर मी ती दुसऱ्या गोष्टीला म्हणेन. कारण प्रश्न विचारणारा आधी कबूल करतो की मला माहीत नाही. चित्र काढणाऱ्याला ते कबूल करावं लागत नाही.

आता हे सगळं मला आजच का सुचलं, ते सांगतो. सांगायला जरा लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी, ड्रेस्डेनहून परत आल्यावर, पुण्यात आमच्या टीममध्ये इम्फाळचा एक मुलगा होता. कामात वाघ. ऑफिसात फूड फेस्टिव्हल ठरला. स्टॉल वाटताना कुणीतरी म्हणालं, 'चायनीज तुझ्याकडे, काय?' सगळे हसले. मीही हसलो. झ्विंगरमध्ये तासन्‌तास उभं राहून चिनी बाहुल्यांबद्दल थोर विचार करून आलेला मी, तोही हसलो. तो म्हणाला, 'मला चायनीज येत नाही. आमच्या घरी एरोंबा करतात.' कुणीतरी म्हणालं, 'तेच रे, एकच!' तो 'बरं' म्हणाला. फेस्टिव्हलच्या दिवशी त्याने सुट्टी टाकली. एरोंबा म्हणजे काय, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. वर्षभराने तो नोकरी बदलून बेंगळुरूला गेला.

हे छोटं आहे, मान्य. पण २०२० साली साथ आली तेव्हा ईशान्येकडच्या मुलामुलींना आपल्याच शहरांत रस्त्यावर 'करोना' म्हणून हाका मारल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मला आमचा फूड फेस्टिव्हल आठवला. आमच्या डोक्यातही एक कप होता. त्यावर एक चिनी माणूस रंगवलेला होता, आणि समोर कोण उभा आहे ते न बघता आम्ही तो त्याच्यावर चिकटवला. कप तडकला नाही. तडकलं ते दुसरंच काहीतरी, आणि त्याचा एरर मेसेज आमच्या स्क्रीनवर आलाच नाही.

म्हणून माझं मत असं, की कल्पनेतला परदेश रंगवायला कुणाची ना नसावी. आपलं मंचुरियन घ्या. मुंबईत जन्मलेलं, मांचुरियात कुणाला ठाऊक नसलेलं, आणि मला प्रचंड आवडतं. ते मी सोडणार नाही. फक्त ते खाऊन आपल्याला चीन कळला असं समजू नये, आणि गाडीवरचा ड्रॅगन कुणा जिवंत माणसाच्या कपाळी मारू नये. सुंदर वस्तू आवडणं म्हणजे ती जिथून आली तिथली माणसं आवडणं नव्हे. त्यासाठी वेगळी मेहनत लागते. ती फार नाही, पाच-पन्नास प्रश्नांची.

रविवारी संध्याकाळी मी त्या मुलाला मेसेज टाकला. इतक्या वर्षांनी. माफी वगैरे दोन ओळींत आटोपली, फार नाटक नको म्हणून, आणि विचारलं की एरोंबा म्हणजे नेमकं काय असतं. तासाभराने उत्तर आलं, 'आत्ता विचारतोयस?' पुढे एक स्मायली. आणि मग खाली भलामोठा मेसेज. भाज्या उकडून कुस्करायच्या, भाजलेली मिरची, आंबवलेली मासळी, आणि त्याची आई त्यात काय वेगळं घालते ते.

मासळी इथे कुठे मिळते ते शोधतोय. कप धुऊन ओट्यावर ठेवलाय, त्यात मीठ ठेवायचा बेत आहे. माळा अजून तसाच आहे, तेव्हा पुढच्या रविवारी बहुधा उपास.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.